ब्योर्स (डच शब्द)

ब्योर्स हा डच शब्द मुळात 'कसा', म्हणजे पैसे ठेवायची पिशवी, यासाठी आहे. उच्चारताना 'ए' म्हणायचे, पण ओठ 'ओ'सारखे गोल ठेवायचे. अनेकवचनात शेवटचा 'स' मऊ होऊन 'ब्योर्झन' होते.

मूळ ग्रीक 'बिर्सा' म्हणजे कातडे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याचे 'बुर्सा', अर्थात कातडी पिशवी झाले. फ्रेंच 'बूर्स' आणि इंग्रजी 'पर्स' याच घरातले. सांध्याजवळच्या द्रवाच्या पिशवीला डॉक्टर आजही 'बर्सा'च म्हणतात.

पिशवीचा बाजार झाला तो आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात. तेथे व्हान डेर ब्योर्झे कुटुंबाची सराई होती आणि त्यांच्या कुलचिन्हावर तीन पिशव्या होत्या. सराईसमोरच्या चौकात इटालियन व्यापारी हुंड्यांचे व्यवहार करत. त्या चौकावरून अशा जागेलाच ब्योर्स म्हणू लागले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे 1531 मध्ये अँटवर्पने यासाठी खास इमारत बांधली, 1611 मध्ये ॲम्स्टरडॅमने. मुंबईच्या 'भारत डायमंड बोर्स'मधला 'बोर्स' याच वंशाचा.

शिष्यवृत्ती हा तिसरा अर्थ. तो थेट थैलीतून आला, बाजाराशी त्याचा संबंध नाही. नेदरलँड्समधील 'बासिसब्योर्स' हे विद्यार्थ्यांचे सरकारी अनुदान 2015 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद करून कर्जपद्धती आणली गेली. 2023 मध्ये ते परत आले. व्यापारी प्रदर्शनालाही ब्योर्सच म्हणतात: 'बूकनब्योर्स' म्हणजे ग्रंथमेळा.

भाषांतरकार अडखळतो तो इथेच. सुटा शब्द फसवतो, म्हणून जोडशब्द पाहावा. 'स्टूडी' आधी असेल तर शिष्यवृत्ती. 'कूर्स' (भाव) नंतर असेल तर शेअर बाजार. 'ऑप द ब्योर्स' मात्र शेअर बाजारातही चालते आणि प्रदर्शनातही, तेव्हा पुढचे वाक्य वाचल्याशिवाय निवड करू नये. 'ब्योर्स' पेअर (नाशपाती) म्हटले तर ते दबून मऊ पडलेले फळ. हे विशेषण कोशात वेगळ्या नोंदीत सापडते.

रोजच्या डचमध्ये पाकिटाला आता बहुधा 'पोर्तमोने' म्हणतात. जुना कसा टिकला तो वाक्प्रचारात. 'बंद कशांनी' (पिशव्या न उघडता) हिशेब मिटवणे म्हणजे परस्परांची देणी वळती करून घेणे: तुम्ही माझे 500 युरो लागता, मी तुमचे 500, तर कोणीच आपल्या पिशवीची दोरी सोडायची नाही.