अ‍ॅम्पचे वॅट आणि स्पीकरचे वॅट

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, पहिलीवहिली स्टिरिओ सिस्टीम घ्यायला गेलेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, "किती वॅटचा आहे?" दुकानदारही आकडा सांगून मोकळा होतो. अ‍ॅम्प (सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर) 30 वॅटचा, स्पीकर 80 वॅटचा. मग गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. 80 च्या स्पीकरला 30 चा अ‍ॅम्प पुरणार कसा? आणि 100 चा घ्यावा तर बजेट तिथेच संपतं.

पण हे दोन आकडे एकमेकांशी जुळवायचे नसतातच. अ‍ॅम्पचे वॅट म्हणजे तो किती देऊ शकतो. स्पीकरचे वॅट म्हणजे आतली कॉइल न जळता तो किती सोसू शकतो. लिफ्टमधली '6 व्यक्ती, 408 किलो' ही पाटी वाचून लिफ्ट किती वेगाने वर जाईल ते कळत नाही. तसंच स्पीकरच्या पाठीवरचे वॅट वाचून तो किती मोठ्याने वाजेल ते कळत नाही.

फसवाफसवी जास्त चालते ती अ‍ॅम्पच्या आकड्यात. खोक्यावर 'पीएमपीओ' (क्षणभराची कमाल ताकद) दिसलं की तो आकडा सरळ सोडून द्या, तो कसा मोजायचा याचं सर्वमान्य प्रमाणच नाही. अमेरिकेत 1974 साली यासाठी सरकारी नियम करावा लागला: वॅट सांगायचे असतील तर किती ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध), कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला (आवाज किती बिघडून), तेही सांगा. आपण निदान 'दर चॅनेलला इतके वॅट आरएमएस, 8 ओहमवर' एवढं तरी विचारावं; चॅनेल म्हणजे डावी किंवा उजवी बाजू, आरएमएस म्हणजे सतत देता येणारे वॅट.

सध्या तळहातावर मावणारे क्लास डी जातीचे (वीज कमी वाया घालवणारे) अ‍ॅम्प स्वस्तात मिळतात. वस्तू चांगली आहे, पण खोक्यावर '50+50' आणि सोबतचा अडॅप्टर 12 व्होल्ट, 3 अँपिअरचा. गुणाकार करा, 36 वॅट. प्लगमधून 36 येणार आणि स्पीकरला सतत 100 जाणार? शिवाय व्होल्टेजचा लगाम वेगळाच. 12 व्होल्टवर असा अ‍ॅम्प 8 ओहमच्या स्पीकरला दर बाजूला स्वच्छ असे फार तर 9 वॅट देतो. तोच अ‍ॅम्प 24 व्होल्ट घेणारा असेल (तळाचा स्टिकर वाचा, अंदाजाने लावू नका) आणि अडॅप्टर तेवढा तगडा असेल, तर ही मर्यादा चौपट होऊन 36 वर जाते. म्हणून मी खोक्याआधी अडॅप्टर वाचतो.

मग आवाज किती मोठा येईल हे सांगणारा आकडा कोणता? तो स्पीकरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो: सेन्सिटिव्हिटी, डीबीमध्ये (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं एकक). 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती आवाज, याचं ते माप. छोट्या बुकशेल्फ स्पीकरमध्ये साधारण 84 ते 88. यात 3 डीबी वाढवायला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे 84 च्या स्पीकरला 40 वॅट देऊन जो आवाज निघेल, तो 90 चा स्पीकर 10 वॅटमध्येच काढतो. उलट 50 ऐवजी 100 वॅटचा अ‍ॅम्प आणलात, तर हाती आले 3 डीबी. कानाला 'जरासा वाढला' इतकंच वाटतं. आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डीबी हवेत, म्हणजे दहापट वॅट.

आता आपली मुंबईची खोली घ्या, 10 बाय 12 फुटांची. स्पीकर 86 डीबीचे, बसायची जागा 2 मीटरवर. अंतरामुळे मोकळ्या जागेत 6 डीबी जातात, स्पीकर दोन म्हणून 3 परत येतात, भिंतीही थोडं परत देतात. दर बाजूला फक्त 1 वॅट दिला तरी 83 च्या आसपास. एवढ्यात स्वयंपाकघरातून 'कमी कर रे' असा पुकारा होतो! तबल्याची एखादी थाप क्षणभर 12 डीबीने उसळली, तर 16 वॅट लागतील. 20-30 खरे वॅट या खोलीला पुरून उरतात, आणि रात्री दहानंतर तर 1 वॅटसुद्धा जास्तच.

तेव्हा 80 च्या स्पीकरला 30 चा अ‍ॅम्प बिनधास्त लावा. धोका असतो तो छोट्या अ‍ॅम्पचा नॉब शेवटपर्यंत पिळण्यात. मग लाटांचे माथे कापले जाऊन सपाट होतात, सरासरी वॅट नेहमीच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतात आणि वरच्या सुरांतला जादा कचरा ट्वीटरवर (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) जाऊन पडतो. ट्वीटर जळतो तो असा. आवाज फाटायला लागला की नॉब मागे घ्या.

सेन्सिटिव्हिटी '2.83 व्होल्टला' असं लिहून दिली असेल, तर ओहम बघा. 8 ओहमवर 2.83 व्होल्ट म्हणजे 1 वॅट, 4 ओहमवर तेच 2 वॅट होतात. 4 ओहमच्या स्पीकरचे 88 म्हणजे मुळात 85. शिवाय तो करंट जास्त ओढतो, तेव्हा अ‍ॅम्प 4 ओहमला चालतो का हे विचारून घ्या.

वीस हजार असतील तर माझ्या मते तेरा-चौदा स्पीकरवर जावेत. अ‍ॅम्प नंतर बदलता येतो. चोरबाजारातला जुना घ्यायचा असेल तर आणखी एक तिसरेच वॅट भेटतील: पाठीवर '230 व्होल्ट, 120 वॅट' असं छापलेलं असतं आणि विकणारा तोच आकडा ठोकून सांगतो. ते वॅट प्लगमधून ओढायचे. जुन्या, क्लास एबी जातीच्या अ‍ॅम्पमध्ये त्यातले निम्म्याच्या आसपास स्पीकरपर्यंत पोचतात, तेही दोन्ही बाजू मिळून. बाकीचे उष्णता होऊन वरच्या जाळीतून निघून जातात. भाव 30+30 चाच करा.