मॅक ओएस ९ गेलं, फाइली मागे राहिल्या

सांगलीतल्या छापखान्यांत जुन्या सीडी सहसा टाकून देत नाहीत. साखर कारखान्यांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, हळदीच्या पाकिटांची डिझाइनं त्यांत पडून असतात. एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की पंचवीस वर्षांपूर्वीची मॅकवरची फाइल बाहेर निघते, आणि उघडत नाही. याचं मूळ ॲपलने १९९६ ते २००७ या काळात केलेल्या बदलात आहे.

जुनी मॅक प्रणाली (तिची शेवटची मोठी आवृत्ती म्हणजे ओएस ९) १९८४ पासून थरावर थर चढवत आलेली. एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्यापासून राखलेली नसे. पानं मांडायचं क्वार्क अडकलं की अख्खं मशीन बसायचं. प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची तो आकडा हाताने भरायचा. एक्स्टेन्शन (प्रणालीला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअर) एकमेकांशी भांडली की शिफ्ट दाबून, म्हणजे ती सगळी बंद ठेवून, मशीन चालू करायचं आणि एकेक तपासत दोषी पकडायचा.

यावर उपाय म्हणून काढलेलं नव्या प्रणालीचं काम, 'कोपलँड', ॲपलने ऑगस्ट १९९६ मध्ये गुंडाळलं आणि डिसेंबरात स्टीव्ह जॉब्ज यांची 'नेक्स्ट' कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. तिची प्रणाली युनिक्सच्या पायावरची, भक्कम; तिच्यावरूनच पुढे नवी मॅक प्रणाली 'ओएस एक्स' झाली. पण अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट प्रोग्रॅम नव्याने लिहायला तयार होईनात. म्हणून १९९८ मध्ये 'कार्बन' आलं : जुन्याच कोडात फेरफार करून भागवायची सोय. तेवढंही ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी 'क्लासिक', म्हणजे ओएस एक्सच्या पोटात चालणारं ओएस ९.

ओएस एक्सची १०.० आवृत्ती २४ मार्च २००१ ला आली. १२८ एमबी मेमरी मागायची, तरी रखडायची. तिच्यावर डीव्हीडीवरचा सिनेमाही चालत नसे. मे २००२ मध्ये जॉब्ज यांनी मंचावर शवपेटी आणून ओएस ९ चे अंत्यविधी उरकले. डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं मांडण्याच्या) टेबलावर मात्र मयत चांगलं काम करत होतं, कारण ओएस एक्सवर थेट चालणारं क्वार्क ६ यायला जून २००३ उजाडला. पानं मांडायचं दुसरं सॉफ्टवेअर पेजमेकर तर कधीच आलं नाही. नंतरच्या, इंटेल प्रोसेसरच्या मॅकमध्ये क्लासिक नव्हतंच. २००७ च्या १०.५ मधून ते सगळीकडूनच गेलं.

मराठीची अडचण फाँटमध्ये. जुन्या मॅक फाँटचा सगळा ऐवज 'रिसोर्स फोर्क' नावाच्या वेगळ्या कप्प्यात असतो. फाइल विंडोजवर नुसती ओढली की तो कप्पा गळतो आणि फाँट ० केबी दिसतो. कॉपी करण्याआधी स्टफइटमध्ये (मॅकवरच्या झिपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) बांधलेला फाँट वाचतो. दुसरी गोष्ट कोडची : युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची समान कोडपद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली. पहिल्या १२८ जागा मॅक आणि विंडोजवर सारख्या, वरच्या १२८ वेगळ्या. जोडाक्षरं, रफार बहुधा वरच्या जागांत. म्हणून मजकूर इकडून तिकडे नेला की 'क' शाबूत राहतो आणि 'क्ष' बिघडतो.

जुन्या सीडी मॅकवरच वाचाव्यात, तोही २०१९ च्या कॅटालिना या मॅक आवृत्तीआधीचा. त्यानंतर मूळ एचएफएस पद्धतीच्या (जुन्या मॅकच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीच्या) डिस्क वाचल्या जात नाहीत. १०.४ पर्यंतचा पॉवरपीसी (इंटेलआधीच्या प्रोसेसरचा) मॅक मिळाला तर सोन्याहून पिवळं : क्लासिकमध्ये फाइल मूळ फाँटसह उघडून पीडीएफ करता येते. तो नसेल तर अ‍ॅडोबीच्या इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकर ६.५ आणि ७ च्या, तसंच क्वार्क ४.१ पर्यंतच्या फाइली उघडतात. युनिकोडमध्ये बदललेला मजकूर छापील प्रतीशी ताडून घ्यावा, आणि सुरुवात रफारापासून करावी.