मॉड्युलर हँडहेल्ड गेमिंग संगणक

दोन्ही हातांत धरून खेळता येईल एवढ्या आकाराचा, पण नियंत्रक (कंट्रोलर), बॅटरी किंवा साठवणीची चकती असे भाग मुख्य यंत्रापासून सुटे करता येतील अशा रचनेचा संगणक. ‘मॉड्युलर’ हे विशेषण येथे दोन निराळ्या अर्थांनी वापरले जाते. खेळणाऱ्याला खेळताखेळता काढता-लावता येणारा भाग हा एक अर्थ, आणि बिघडल्यावर दुरुस्त करणाऱ्याला बदलता येणारा भाग हा दुसरा. जाहिरातींत पहिलाच दिसतो. यंत्र दोन-तीन वर्षांचे झाले की गरज मात्र दुसऱ्याची भासते.

सुट्या नियंत्रकांची कल्पना घरोघरी पोचवली ती मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचने. तो संगणक नसून गेम कन्सोल असला, तरी त्याच्या कडेच्या खोबणीत सरकवून बसणारे दोन ‘जॉय-कॉन’ पुढच्या अनेक आराखड्यांना नमुना ठरले. एलियनवेअरने जानेवारी २०२० मध्ये विंडोज चालवणारा, सुटणाऱ्या नियंत्रकांचा ८ इंची प्रयोगनमुना दाखवला. तो विक्रीस आला नाही. २०२३ मध्ये आलेल्या लेनोवो लिजन गो या संगणकात ८.८ इंची पडदा, दोन सुटे नियंत्रक आणि मागे उभे करण्याचा टेकू आहे. शिवाय उजवा नियंत्रक एका चकतीवर उभा बसवून माउससारखा सरकवता येतो.

अशा यंत्राच्या आराखड्यात खरी कसोटी लागते ती जोडाची. यंत्र दोन्ही टोकांना धरलेले असल्याने मधल्या पडद्याचे वजन जोडांना सतत वाकवू पाहते, आणि कोणी ते एकाच हाताने उचलले तर सगळा भार एका जोडावर येतो. लिजन गोचे वजन नियंत्रकांसह ८५४ ग्रॅम आणि त्यांच्याविना ६४० ग्रॅम आहे. यावरून जोडाला काय सोसावे लागते याची कल्पना येते. खोबण व खिटी यांचा जोड स्वस्त आणि सुटसुटीत असतो, पण प्लॅस्टिकची खिटी झिजली की गॅरेजमध्ये ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो सैलपणा येतो आणि हातातले यंत्र करकरू लागते. स्विचच्या खिट्या बदलून हौशी लोक धातूच्या बसवतात ते यामुळेच. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये खोबणीऐवजी चुंबकांची पकड आहे. चुंबकाने बसवणे सोपे होते, मात्र जॉयस्टिकची हालचाल हॉल संवेदकाने (सेन्सरने) मोजायची असेल, तर तोही चुंबकीय क्षेत्रच मोजत असल्याने अंतर किंवा आडोसा आधीच योजावा लागतो.

जोडातून वीज आणि माहिती दोन्ही जावी लागतात. नियंत्रक लागलेला असताना धातूच्या संपर्कबिंदूंतून माहिती नेता येते आणि त्याची बॅटरीही भरता येते. काढल्यावर तेच काम ब्लूटूथसारख्या बिनतारी मार्गाने चालवायचे, आणि तेही चालू खेळ न अडखळता. म्हणजे प्रत्येक नियंत्रकाला स्वतःची बॅटरी, स्वतःचा प्रक्रियक (प्रोसेसर) आणि स्वतःचा रेडिओ हवा. लिजन गोच्या प्रत्येक नियंत्रकात ९०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे, आणि ही सारी जागा व वजन मुख्य बॅटरीच्या वाट्यातून जाते असे म्हणायला हरकत नाही. ती मुख्य बॅटरी ४९.२ वॉट-तासांची आहे. संपूर्ण यंत्राने ३० वॉट ओढले, तर ती सुमारे १०० मिनिटांत संपेल.

सगळेच सुटे करता येत नाही. प्रक्रियकातच ग्राफिक्सचा विभाग असल्यामुळे त्याला स्मृतीतून प्रचंड वेगाने माहिती हवी असते, आणि तो वेग टिकवायचा तर स्मृतीच्या चिप प्रक्रियकाशेजारीच झाळाव्या लागतात. त्यामुळे रॅम वाढवण्याची सोय अशा यंत्रांत सहसा नसते. साठवणीची एसएसडी मात्र एम.२ खाचेत बसते आणि एका स्क्रूने सुटते. ग्राफिक्सची ताकद बाहेरून जोडायची झाल्यास यूएसबी ४ किंवा ऑक्युलिंक या वेगवान तारजोडण्यांच्या मार्गांनी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लावता येते, पण तेव्हा यंत्र टेबलावर ठेवावे लागते आणि ‘हातातला’ हा गुण तेवढ्यापुरता सुटतो.

दुरुस्तीच्या अंगाने पाहिल्यास सर्वांत आधी झिजणारा भाग म्हणजे जॉयस्टिक. पोटेन्शिओमीटरवर (सरकत्या संपर्काने विद्युतरोध बदलणाऱ्या भागावर) चालणाऱ्या जॉयस्टिकमध्ये संपर्क घासून पट्टी झिजते, आणि बोट नसतानाही खेळातले पात्र चालू लागते. यालाच ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. येथे नियंत्रक सुटा असणे आणि जॉयस्टिक सुटी असणे यांतला फरक कळतो, कारण जॉयस्टिक आत झाळलेली असेल, तर एका छोट्या भागासाठी अख्खा नियंत्रक टाकावा लागतो. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हँडहेल्ड संगणकाचे नियंत्रक अजिबात सुटत नाहीत, तरी त्याचे जॉयस्टिक, पंखा आणि बटणांचे फलक सुटे विकत मिळतात आणि बाह्य कवचाचे आराखडेही कंपनीने खुले केले आहेत; दुसऱ्या अर्थाने तोच अधिक मॉड्युलर ठरतो. बॅटरीबाबत युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला साध्या अवजारांनी बॅटरी काढता यावी असे बंधन घातले आहे, त्यामुळे डिंकाने चिकटवलेल्या बॅटरीचे आराखडे तेथील बाजारासाठी बदलावे लागतील.