द्विअक्षी चालनयंत्र, घरगुती

पेन, लेझर किंवा कर्तनपाते एका प्रतलात क्ष व य या दोन अक्षांवर संगणकाच्या आज्ञेने फिरवणारे, हौसेने जुळवलेले यंत्र. येथे मिलिंगने, म्हणजे फिरत्या कटरने, कापलेल्या प्लॅस्टिक भागांच्या यंत्राचाच विचार केला आहे.

याच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मताने त्याचे मूळ 1952 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेत दाखवलेल्या अंकीय नियंत्रणाच्या (आकड्यांच्या आज्ञेने चालणाऱ्या) मिलिंग यंत्रात आहे. दुसऱ्या मताने 1959 च्या सुमाराच्या कॅलकॉम्प 565 या आलेखकात, म्हणजे कागदावर पेनाने रेघा काढणाऱ्या यंत्रात. धातू कापण्याचा ताण घरगुती सांगाड्याला पेलत नाही, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात त्या आलेखकात एका अक्षावर पेन नव्हे, कागदच सरके. दोन्ही मोटरी चौकटीला जखडून पट्ट्याने पेन ओढण्याची ‘कोअर-एक्सवाय’ रचना इलान मोयर यांनी 2012 च्या सुमारास मांडली. दोन्ही मोटरी एका दिशेने फिरल्या की पेन एका अक्षावर सरकते, उलट दिशांनी फिरल्या की दुसऱ्या. एकच फिरली तर 45 अंशांत तिरके जाते. मोटरीचे वजन पेनाबरोबर वाहावे लागत नाही, हा तिचा खरा फायदा. चौकटीला बसवलेल्या दोन मुठी आणि दोऱ्या यांवर चालणारे एच-अ-स्केच हे खेळणे मात्र 1960 मध्येच बाजारात आले होते.

भागांसाठी एचडीपीई (घट्ट पॉलिथिन) किंवा ॲसिटल (एक टणक प्लॅस्टिक) वापरतात. एचडीपीईला गोंद धरत नाही. सांधे खटक्याचे किंवा स्क्रूचे करतात. गोल कटरने आतला कोपरा काटकोनी निघत नाही, म्हणून तेथे जादा गोलाई कापावी लागते. नाहीतर खटका पूर्ण बसत नाही.

सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीच्या स्थापनेपासून (1910) ओतीव लोखंडाचे वळण रुजले. कुपवाड-मिरजेकडे मिलिंगचे जॉबवर्क करून मिळते, पण लोखंडावर बसलेला हात प्लॅस्टिकला चालत नाही. फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी ठेवला की कटर एकाच जागी घासतो, एचडीपीई वितळते आणि लांब चिप कटरभोवती गुंडाळली जाते. एका धारेचा तीक्ष्ण कटर आणि हवेचा झोत लावल्यास काम साफ होते.

उन्हाची अडचण याहून मोठी. ॲसिटल दर अंशाला मीटरमागे सुमारे 0.1 मिमी वाढते, ॲल्युमिनियम 0.023 मिमी. सांगलीत थंडीच्या दिवसांत पहाट आणि दुपार यांत 15 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ॲसिटलचा 300 मिमीचा भाग जवळजवळ अर्धा मिमी वाढतो. काचतंतूंचा पट्टा तसा वाढत नाही, त्यामुळे सकाळी बेताने ताणलेला पट्टा दुपारी आवळतो. एका फेरीत 200 पायऱ्या घेणाऱ्या नेहमीच्या मोटरीला 20 दात्यांची, 2 मिमी अंतराची पुली लावून प्रत्येक पायरीचे 16 सूक्ष्म टप्पे केल्यास एका मिमीला 80 टप्पे पडतात. पण सांगाडाच इतका हलत असताना त्या बारकाईला फारसा अर्थ नाही. पट्टा आवळण्यावर उपाय म्हणून मोकळ्या (मोटर नसलेल्या) पुलीचे भोक लांबट ठेवून तिला स्प्रिंगचा ताण देतात.