कर्जाच्या फॉर्मवर सही करण्याआधी महाडीबीटी नीट भरा

इंजिनिअरिंग, फार्मसीला नंबर लागला की घरात पहिला विषय निघतो शैक्षणिक कर्जाचा. थोडं थांबा. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) झाला असेल, तर फीचा मोठा भाग सरकार भरतं. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर यातलं काही नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही मुलींची ही सवलत लागू नाही, म्हणून ऑप्शन फॉर्म भरतानाच कॉलेज बघून घ्या.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. ते अर्ध्या तासाचं काम आहे. पोरं अडकतात ती पुढे.

पहिली अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. सेतूतून काढलेला तहसीलदारांचाच दाखला लागतो, सरपंचाचा किंवा वडिलांच्या मालकाचा चालत नाही. त्यावरचं आर्थिक वर्ष आणि खाली छापलेली ३१ मार्चची मुदत, दोन्ही वाचा. तलाठ्याच्या अहवालासाठी हेलपाटे पडतात, तेव्हा निकालाची वाट न बघता मे महिन्यातच कामाला लागा. पोरांनी अभ्यास करायचा की रांगा लावायच्या, याचा विचार कुणीतरी करायला हवा.

दुसरी अडचण बँकेची. "खात्याला आधार लिंक आहे" एवढं ऐकून परत येऊ नका. पैसे येतात ते आधार सीडिंग झालेल्या, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारशी नोंदवलेल्या खात्यात, आणि ते एका वेळी एकच असतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने अर्जासोबत नवं पासबुक आणलं होतं. सीडिंग मात्र सातवीत शाळेने उघडून दिलेल्या खात्याला, आणि ते खातं कधीच बंद पडलेलं. अर्ज मंजूर होऊनही पैसे पोचले नाहीत. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दोन मिनिटांत दिसतं, अर्ज भरण्याआधी बघाच.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. कॉलेजने अर्ज 'सेंड बॅक' केला की तो दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. मेसेजच्या भरवशावर राहू नका, दर आठवड्याला लॉगिन करा. शेवटची तारीख वाढेलच असं धरून बसू नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्जही तुम्हालाच भरायचा असतो, आपोआप काही होत नाही.

वसतिगृह आणि मेस या फीमाफीत येत नाहीत. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना त्याच पोर्टलवर आहे. ती अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी मुख्यतः आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी स्वाधार योजना बघावी.

आणि कॉलेजने "आधी पूर्ण फी भरा, नंतर परत देऊ" म्हटलं, तर पात्र मुलींनी शासन निर्णयाची प्रत दाखवून लेखी उत्तर मागावं. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवा.