वनस्पती उद्यानात आधी पाटी वाचा

मोठ्या वनस्पती उद्यानात शिरलेला माणूस बहुधा आधी फुलांकडे वळतो. खुशाल वळावं, पण फुलं कुठल्याही बागेत असतात. वनस्पती उद्यानाचं वेगळेपण झाडापाशी लावलेल्या छोट्या पाटीत असतं.

पाटीवर शास्त्रीय नावाचे दोन शब्द असतात, पहिला प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा जातीचा. त्यापुढे नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचं संक्षिप्त नाव येतं. नुसतं ‘एल.’ असेल तर तो लिनियस. मग कुल, म्हणजे त्या वनस्पतीचं घराणं, आणि मूळ प्रदेश. नावात गुणाकाराची खूण दिसली तर ते झाड संकरित, आणि एकेरी अवतरणचिन्हांत नाव असेल तर माणसाने निवडून जोपासलेलं वाण. एवढं कळलं तरी निम्मं उद्यान वाचता येतं.

कोपऱ्यातल्या बारीक आकड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तो नोंदणी क्रमांक. बऱ्याच उद्यानांत त्यातले पहिले चार आकडे झाड उद्यानात आल्याचं वर्ष सांगतात आणि पुढचे त्या वर्षातला अनुक्रम. नोंदवहीत त्याच क्रमांकासमोर बी कोणी, कुठून, केव्हा गोळा केलं, ते थेट रानातलं की दुसऱ्या बागेतलं, हे लिहिलेलं असतं. पाटी हरवली आणि नोंदीशी दुवा तुटला, तर झाड पूर्वीसारखंच हिरवं राहतं, पण संशोधनाला किंवा रानात पुन्हा लागवड करायला त्याचा फारसा उपयोग उरत नाही. म्हणून कॅमेरा काढला की आधी पाटीचा फोटो, मग झाडाचा. उलट क्रमाने काढलेल्या फोटोंत संध्याकाळी कोणतं पान कोणाचं याचा पत्ता लागत नाही.

नोंदीचं मोल कळायला एन्सेफॅलार्टोस वुडी हा सायकॅड, म्हणजे ताडासारखी दिसणारी पण फुलांऐवजी शंकू धरणारी वनस्पती, पाहावा. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या न्गोये जंगलात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वुड यांना त्याचा एकच पुंजका सापडला, आणि तो नर. मादी झाड आजवर मिळालेलं नाही. रानातून ही जात संपली. जगभरच्या उद्यानांत दिसणारी तिची झाडं त्या एकाच नराच्या फुटव्यांपासून वाढवलेली आहेत. लंडनजवळच्या क्यू उद्यानातलं झाड १८९९ साली तिथे पोहोचलं. परागकण आहेत, बी नाही.

उद्यानात पडलेलं बी गुपचूप खिशात घालण्याचा मोह अनेकांना होतो. नियम बाजूला ठेवला तरी त्यात शास्त्रीय खोट आहे. रानात हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या भाऊबंद जाती इथे शेजारी शेजारी लावलेल्या असतात आणि मधमाश्या बिनदिक्कत एकीचे पराग दुसरीवर नेतात. त्या बियांतून संकर उगवण्याची शक्यता असते. शुद्ध बी हवं असेल तर माळी कळी उमलण्याआधीच पिशवीत झाकतात, हाताने परागण करतात आणि फळ धरेपर्यंत झाकण काढत नाहीत.

आता वेळेचं गणित. उष्ण कटिबंधाचं काचघर सकाळीच पाहावं. जमीन आणि वाफे बहुधा सकाळी भिजवलेले असतात आणि हवा दमट असते. ऊन चढलं की झडपा उघडतात आणि ओलावा उतरतो. आत २६ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २३ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक काचेवर पाणी साचतं. बाहेरून २० अंशांचा कॅमेरा आणलात की भिंग धुरकटणारच. पुसून काही होत नाही, कारण काच थंडच असते. बंद पिशवीतच १५-२० मिनिटं ठेवून तो आतल्या हवेइतका ऊबदार होऊ द्यावा.

निवडुंगांच्या काचघरात दुपारी गेलं तरी चालतं. बहुतेक निवडुंग दिवसा पर्णरंध्रं मिटून बसलेले असतात. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि उजेडात त्याची साखर करतात. पहाटे त्यांचा गर जास्त आंबट असतो तो यामुळे. (चाखून पाहू नये.)

कीटकभक्षी वनस्पतींपाशी हात खिशात असलेले बरे. व्हीनस फ्लायट्रॅपच्या सापळ्यातल्या केसांना सुमारे २० सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की तो मिटतो. बोट घालून मिटवला तर भक्ष्य मिळत नाही, ऊर्जा मात्र खर्च होते. मोजक्याच मिटण्यांनंतर तो सापळा निकामी होऊन काळा पडतो.

आपल्या सुरणाचा सुमात्रातला महाकाय भाऊबंद, टायटन अरम, फुलल्याची बातमी आली तर बाकी बेत रद्द करावा. १८७८ साली इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेकारी यांनी त्याची नोंद केली आणि लागवडीत तो प्रथम फुलला १८८९ साली, क्यूमध्ये. कुजक्या मांसासारखा वास पहिल्या रात्री सर्वांत उग्र असतो. मधला दांडा माणसाच्या शरीराइतका तापतो आणि वास दूर पसरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जाणाऱ्यांना वास जवळपास येतच नाही आणि ते निराश होतात. त्याला जगातलं सर्वांत मोठं फूल म्हणणंही बरोबर नाही, तो फुलोरा आहे, म्हणजे अनेक बारीक फुलांचा समूह; एकट्या फुलात मोठा मान रॅफ्लेशियाचा.

संध्याकाळ महाकाय पानांच्या व्हिक्टोरिया कमळासाठी राखून ठेवावी. पहिल्या रात्री फूल पांढरं, सुगंधी आणि भोवतालच्या हवेपेक्षा ऊबदार असतं, आणि तेव्हा त्याचा मादी भाग पराग घ्यायला तयार असतो. आत शिरलेले भुंगेरे सकाळी पाकळ्या मिटल्या की अडकतात. दिवसभरात फूल गुलाबी होतं, परागकण सुटतात आणि दुसऱ्या संध्याकाळी पराग माखलेले भुंगेरे बाहेर पडून नव्या पांढऱ्या फुलाकडे जातात. फाटक लवकर बंद होत असेल तर सकाळी उघडताक्षणी तळ्यावर पोहोचावं; अर्धवट मिटलेलं पांढरं फूल सापडू शकतं. पानाची खालची बाजू दिसली तर जरूर पाहावी, कारण जाड, काटेरी शिरांची जाळी पान तोलून धरते.

याच कमळाच्या बाबतीत पाटीही चुकू शकते हे सिद्ध झालं. व्हिक्टोरियाच्या दोनच जाती मानल्या जात होत्या. बोलिव्हियातून आलेलं बी क्यूमध्ये इतर दोन जातींच्या शेजारी वाढवल्यावर फरक स्पष्ट झाला आणि २०२२ साली व्हिक्टोरिया बोलिव्हियाना ही तिसरी जात जाहीर झाली. तिचं पान ३ मीटरपर्यंत रुंद होतं. तिचा वाळवलेला नमुना क्यूच्या संग्रहात १७७ वर्षं दुसऱ्याच जातीच्या नावाने पडून होता.