मॅमिलारिया

मॅमिलारिया ही कॅक्टेसी कुळातली बुटक्या, गोल किंवा आखूड खांबासारख्या निवडुंगांची प्रजाती आहे. तिच्यात दीडशेच्या आसपास जाती मोडतात. त्यांतल्या बहुतेक मेक्सिकोच्या. काही अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, कॅरिबियन बेटांवर आणि कोलंबिया-व्हेनेझुएलात आढळतात. लिनिअसने १७५३ मध्ये यांतल्या एका जातीची नोंद कॅक्टस या नावाखाली केली. मॅमिलारिया ही प्रजाती एड्रियन हावर्थने १८१२ मध्ये वेगळी काढली. पुण्यात गच्चीच्या कठड्यावर आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये चार इंची कुंड्यांतून जे काटेरी गोळे दिसतात, त्यांत हिच्या जाती पुष्कळ असतात.

मराठीत ‘निवडुंग’ या एका शब्दात दोन वेगळी कुळे एकत्र नांदतात. सह्याद्रीच्या कातळांवर आणि शेताच्या कुंपणाला दिसणारा निवडुंग हा युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. कॅक्टस मुळात उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांतले. आपल्याकडे रानोमाळ पसरलेला फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला. मोडल्यावर चीक आला तर युफोर्बिया, असे सांगतात, पण ती खूण इथे फसते, कारण काही मॅमिलारियांनाही दुधासारखा चीक असतो. खरी खूण एरिओलची. काटे ज्या लहानशा लवदार गादीतून निघतात तिला एरिओल म्हणतात, आणि ती फक्त कॅक्टसला असते.

मॅमिलारियाच्या अंगावर उभे कंगोरे नसतात, सुट्या गाठी असतात. ‘मॅमिला’ म्हणजे लॅटिनमध्ये स्तनाग्र. नाव या गाठींवरून पडले. प्रत्येक गाठीच्या टोकाला काट्यांचा झुबका असतो. गोळा वरून पाहिला तर गाठी दोन बाजूंनी वळत गेलेल्या ओळींत बसलेल्या दिसतात. एका दिशेच्या ओळी मोजल्या तर बहुधा ८ किंवा १३ भरतात, उलट दिशेच्या १३ किंवा २१. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदांच्या मात्रा मोजताना मांडलेल्या मालिकेतले हे आकडे आहेत; तिच्यात मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. साधे भिंग हाती असेल तर काट्यांतला फरक पाहण्यासारखा आहे. प्लुमोसा या जातीचे काटे पक्ष्याच्या पिसासारखे मऊ. बोकासाना ही जात वरून कापसाचा बोळा दिसते, पण त्या पांढऱ्या केसांच्या आत गळासारखा वाकलेला काटा असतो. कुंडी हलवताना तो शर्टाच्या बाहीत अडकतो आणि पिल्लू, म्हणजे मूळ गोळ्याला फुटलेला छोटा गोळा, तुटून बाहीबरोबर येते.

पुण्यात ही झाडे उन्हाने क्वचितच मरतात, पाण्याने मरतात. कॅक्टसची रंध्रे रात्री उघडतात आणि दिवसा मिटलेली राहतात, त्यामुळे एप्रिलचे ३८-४० अंश तापमान ती हिरव्या जाळीखाली सहज काढतात. रोपवाटिकेच्या सावलीतून आणलेले रोप मात्र एकदम मार्चच्या उन्हात ठेवू नये. करपलेला तपकिरी डाग नंतर कधीच भरून येत नाही. कसोटी लागते ती जून ते सप्टेंबर. पाऊस, दमट हवा आणि दिवसेंदिवस न सुकणारी माती यांनी मुळे कुजतात, आणि वरून टवटवीत दिसणारा गोळा एक दिवस बोट लावताच लिबलिबीत लागतो. तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते, त्याच्या आतच कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली गेलेल्या बऱ्या. पुढे पाणी महिन्यातून एखाद्या वेळीच, तेही चार दिवस उघडीप असेल तर. पाणी द्यायचे की नाही हे ठरवायला अगरबत्तीची उरलेली काडी पुरते: ती मातीत तळापर्यंत खुपसायची, थोड्या वेळाने काढायची, ओल दिसली तर पाणी नाही. वाराचे वेळापत्रक लावून पाणी देणे ही सर्वात महागात पडणारी सवय.

माती निचऱ्याची हवी. इथली काळी माती पाणी धरून ठेवते, ती वापरूच नये. भरड वाळू किंवा चाळून धुतलेली कच, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि थोडे मुरलेले शेणखत, एवढे मिश्रण पुरेसे आहे. निम्म्याहून जास्त भाग खडीसारखाच असावा. प्लॅस्टिकपेक्षा मातीची कुंडी बरी, कारण ती अंगातून पाणी सोडते. कुंडी बदलताना वर्तमानपत्राची घडी पट्ट्यासारखी रोपाभोवती गुंडाळून उचलावे.

फुलांच्या बाबतीत पुण्याची थंडी ही मोठी देणगी आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि हवा कोरडी असते. या दिवसांत पाणी जवळजवळ तोडले की झाडाला विश्रांती मिळते आणि कळ्या धरतात. मॅमिलारियाची फुले गाठीच्या टोकाला येत नाहीत, गाठींच्या बेचक्यांतून, शेंड्याभोवती गोल कडे करून येतात. एकेक फूल जेमतेम बोटाच्या पेराएवढे, गुलाबी किंवा पिवळसर, पण सकाळच्या उन्हात पूर्ण कडे उमललेले पाहिले की थंडीभर पाण्याला आवरलेला हात सार्थकी लागतो. काही महिन्यांनी त्याच बेचक्यांतून लवंगी मिरचीसारखी लाल फळे वर येतात. मेक्सिकोत त्यांना ‘चिलितो’, म्हणजे छोटी मिरचीच म्हणतात, आणि खातात.

रोगांपेक्षा पिठ्या ढेकूण जास्त छळतो. गाठींच्या फटीत कापसासारखे ठिपके दिसताच स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. मुळांवरचा पिठ्या मात्र कुंडी उपटल्याशिवाय दिसत नाही. विकत घेताना शेंड्यावरचे कागदी पाकळ्यांचे फूल ओढून पाहावे. पुष्कळदा ते वाळके फूल डिंकाने चिकटवलेले असते आणि त्याखालचा शेंडा दुखावलेला असतो.

पिल्ले धरणाऱ्या जाती वाढवायला सोप्या. पिल्लू अलगद मोडून जखम सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत तसेच ठेवावे, मग कोरड्या मिश्रणावर नुसते टेकवावे. बियांपासून वाढवायचे तर बी जेमतेम मोहरीच्या तुकड्याएवढे. ओलसर वाळूवर पसरून वर काच ठेवली की दोनेक आठवड्यांत हिरवे थेंब उगवतात. त्यांना पहिले काटे फुटतात ते अगदी मऊ असतात, बोटाला टोचतही नाहीत.